मोती, मिथेन आणि कर्बद्विप्राणिद

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची सकाळ, सुट्टीचा दिवस, घरभर पोह्यांचा वास, आणि आमचे नववीतले चिरंजीव डायनिंग टेबलवर तोंड वाकडं करून बसलेले. समोर केमिस्ट्रीची वर्कशीट. डाव्या बाजूला रेणूंची सूत्रं, उजवीकडे रिकाम्या रेघा, आणि वर सूचना : नावं लिहा.

“बाबा, हे सगळं पाठ करायचं? डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा... कुणी काढलं हे?”

मी काही बोलायच्या आत सोफ्यावरून अण्णांचा आवाज आला. अण्णा म्हणजे माझे वडील. वय वर्षं ८३. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी प्राथमिक शिक्षक होते, आता जमेल तेवढी शेती बघतात आणि थंडीचे दोन महिने आमच्याकडे दोह्याला येतात. “त्यात पाठ काय करायचंय?” ते म्हणाले. “कर्बद्विप्राणिद! नावातच सगळं आलं. कर्ब एक, प्राण दोन.”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. आजोबा संस्कृत स्तोत्र म्हणतायत की काय, अशी शंका त्या नजरेत स्पष्ट दिसत होती. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अण्णा, ते कार्बन डायऑक्साइड आहे हो!” अण्णा म्हणाले, “मग मी दुसरं काय म्हणालो?”

त्या सकाळी वर्कशीट बाजूलाच राहिली. पण त्यावरून मी जे वाचत गेलो, ते आपल्या अंकासाठी लिहावं असं वाटलं. आपल्यापैकी निम्मी मंडळी या ना त्या प्रकारे इथल्या गॅसवर जगतात, आणि तरी गॅसच्या रेणूला त्याचं नाव कसं मिळालं हे आपल्याला कुणी विचारत नाही. मुलं मात्र विचारतात.

नावांचा प्रश्न मुळात आला कुठून? आपल्या आज्यांच्या फडताळात पाहिलंत तर तिथे रसायनांची कमतरता नव्हती. तुरटी, पापडखार, टाकणखार, नवसागर. शेतकऱ्याकडे मोरचूद, रंगाऱ्याकडे हिराकस. सगळी सुंदर नावं, पण एकातूनही आत काय आहे ते कळत नाही. नवसागरात तर ना नव आहे, ना सागर! फारसीतला नौशादर, इथल्या अरबीतला नुशादिर आणि आपला नवसागर ही एकाच घराण्यातली भावंडं. युरोपातही तीच तऱ्हा. गंधकाच्या आम्लाला तिथे व्हिट्रिऑलचं तेल म्हणत, जणू फोडणीलाच घालायचं.

आणखी एक गंमत बघा. ही जुनी नावं असलेले पदार्थ बहुतेक घन आहेत, हातात घेता येतात. वायूंना नावंच नव्हती, कारण ते वेगवेगळे आहेत हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हवा म्हणजे हवा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात एकामागून एक वायू वेगळे काढले गेले, आणि मग मात्र नावांचा गोंधळ उडाला. ‘बांधलेली हवा’, ‘जळणारी हवा’, ‘दलदलीची हवा’... ही शेवटची म्हणजे आपला मिथेन. इटलीतल्या व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे नावाच्या तळ्याच्या काठी चिखल ढवळून तिचे बुडबुडे गोळा केले. हाच तो विजेच्या ‘व्होल्ट’वाला व्होल्टा.

या गोंधळात शिस्त आणली फ्रान्समधल्या चौघांनी : गितों द मोर्वो, लव्हाझिए, बेर्तोले आणि फुर्क्रुआ. १७८७ साली त्यांनी रासायनिक नावांची पद्धत प्रसिद्ध केली. तत्त्व साधं होतं. पदार्थात जी मूलद्रव्यं आहेत, त्यांचीच नावं जोडून पदार्थाचं नाव करायचं. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव लावतात ना, तसं. नावावरून घराणं कळलं पाहिजे. (लव्हाझिएला पुढे १७९४ साली राज्यक्रांतीत गिलोटिनवर चढवलं. त्याची पद्धत मात्र टिकली.)

पण लवकरच एक अडचण आली. तीच दोन मूलद्रव्यं एकत्र येऊन वेगवेगळे पदार्थ करतात. कार्बन आणि ऑक्सिजन यांचेच दोन वायू. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे तर अर्धा डझन. सगळ्यांचं आडनाव एकच, मग हाक मारायची कशी? स्कॉटलंडच्या थॉमस थॉमसनने १८०४ साली ग्रीक क्रमवाचक लावायला सुरुवात केली. प्रोटॉक्साइड म्हणजे पहिला ऑक्साइड, ड्यूटॉक्साइड म्हणजे दुसरा. थोरला-धाकटा म्हणावं तसं. ती नावं इंग्रजीतून गेली, पण तीच कल्पना इथे कतारमध्ये मुलांच्या अरबी पुस्तकांत जिवंत आहे! अरबीत कार्बन मोनॉक्साइडला ‘अव्वल उक्सीद अल-कर्बून’ म्हणतात आणि कार्बन डायऑक्साइडला ‘थानी उक्सीद अल-कर्बून’. पहिला आणि दुसरा. आपण मोजतो, ते क्रम लावतात.

पुढे क्रम जाऊन मोजणी आली : मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा, हेप्टा, ऑक्टा, नोना, डेका. चिरंजीवांचा सगळा राग या दहांवर होता. अण्णांनी एक कागद घेतला आणि डावीकडे ही यादी काढायला लावली. उजवीकडे स्वतः लिहीत गेले : द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश. “वाच आता.” डाय-द्वि, ट्राय-त्रि, पेंटा-पंच, ऑक्टा-अष्ट, डेका-दश. पोरगा थबकला. ग्रीक आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे हे शब्द खरोखरच सख्खे चुलत आहेत, ओढूनताणून जुळवलेले नाहीत. ‘सप्त’चा ‘हेप्टा’ कसा झाला? ग्रीकमध्ये सुरुवातीच्या ‘स’चा ‘ह’ होतो. ‘षट्’चा ‘हेक्सा’ही तसाच. आपल्या ‘सिंधू’चा इराण्यांनी ‘हिंदू’ केला, तीच चाल. नोना तेवढा ग्रीक नाही, तो लॅटिनमधून आलाय, पण ‘नव’चाच भाऊ.

मेंडेलिव्हने तर थेट संस्कृतच वापरलं. १८७१ साली त्याने आपल्या तक्त्यातल्या रिकाम्या घरांत अजून न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावं दिली ती ‘एका-ॲल्युमिनियम’, ‘एका-सिलिकॉन’ अशी. त्यातलं पहिलं १८७५ मध्ये सापडलं, गॅलियम. एका रशियन माणसाच्या तक्त्यात आपला ‘एक’ आणि ‘द्वि’ जाऊन बसले होते, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं असतं तर काय मजा आली असती!

आणि मिथेन? हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमनने १८६६ साली सुचवलेल्या मालिकेतलं आहे. मिथेन, इथेन, प्रोपेन... ‘मिथ’ आला ग्रीक ‘मेथी’मधून. भाजीतली मेथी नव्हे हो! ग्रीकमध्ये त्याचा अर्थ मद्य, आणि तो शब्द आपल्या ‘मधु’चा भाऊ. रास लफानला रोज ज्याच्याशी गाठ पडते त्या वायूच्या नावात मध आहे, हे मला इतकी वर्षं इथे नोकरी करून माहीत नव्हतं.

इथे चिरंजीवांनी एक खरा प्रश्न विचारला. “मग कॅल्शियम क्लोराइडला कॅल्शियम डायक्लोराइड का नाही म्हणत? त्यातही दोन आहेत की.” प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर द्यायला मला कतारचाच इतिहास सोयीचा वाटला, कारण या देशाला दोन वेळा श्रीमंती आली आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्या दोन श्रीमंती दोन वेगळ्या जातीच्या होत्या.

पहिली मोत्यांची. तेल मिळायच्या आधी उन्हाळ्यात इथली माणसं होड्या घेऊन समुद्रात जायची, नाकाला चिमटा लावून बुडी मारायची. मोती मग जायचे कुठे? आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. इथे चलनही १९६६ पर्यंत रुपयाच होता. १९२०-३०च्या दशकांत जपानी कल्चर्ड मोत्यांनी हा धंदा बुडवला. आता मोती म्हणजे काय? मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. अण्णांच्या भाषेत ‘खटकर्बित’. खट म्हणजे कॅल्शियम. यात खटाने आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकलेले असतात आणि कर्बित गटाने ते घेतलेले असतात. देणारा धन, घेणारा ऋण, आणि मग दोघे एकमेकांना धरून बसतात. हा आयनिक बंध. रोखीचा व्यवहार! आणि कुणी किती द्यायचे, किती घ्यायचे हे ठरलेलं असतं, त्यामुळे आकडा नावात सांगावा लागत नाही. कॅल्शियम दोन देणार, क्लोरिन एक घेणार. म्हणजे एकाला दोन क्लोरिन लागणार हे न सांगता कळतं.

दुसरी श्रीमंती गॅसची. ज्या वर्षी कतार स्वतंत्र झालं, त्याच १९७१ मध्ये ईशान्येकडच्या समुद्राखाली नॉर्थ फील्ड सापडलं. गॅस काढायला सुरुवात झाली १९९१ मध्ये, आणि १९९६च्या डिसेंबरात द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज जपानकडे निघालं. त्या गॅसचा मुख्य भाग मिथेन, आणि मिथेनमध्ये कुणी कुणाला काही देऊन टाकत नाही. कार्बनकडे बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, त्याला हवेत आठ. हायड्रोजनकडे एक, त्याला हवेत दोन. मग कार्बन चार हायड्रोजनांशी प्रत्येकी एक-एक जोडी सामाईक करतो. गावाकडे दोन भावांच्या बांधावर एक विहीर असते, सातबारावर दोघांची नावं, पाणी दोघांचं. तसंच हे. प्रत्येक जण ती जोडी आपली म्हणून मोजतो आणि दोघांचाही हिशेब पुरा होतो.

हे ओळखलं अमेरिकेतल्या गिल्बर्ट ल्युइसने, १९१६ साली. त्याच वर्षी जर्मनीत कोसेलने देण्याघेण्याचा बंध मांडला. ल्युइस म्हणाला, सगळाच व्यवहार देण्याघेण्याचा नसतो, इलेक्ट्रॉनची एक जोडी दोन अणूंच्या मालकीची असू शकते. तीन वर्षांनी, १९१९ मध्ये, लँगम्युरने ही कल्पना पुढे नेली, व्याख्यानं देऊन गाजवली आणि तिला ‘कोव्हॅलन्स’ हे नाव दिलं. लँगम्युरला १९३२ साली नोबेल मिळालं, ते दुसऱ्या कामाबद्दल. ल्युइसला अनेकदा नाव सुचवूनही कधीच मिळालं नाही. १९४६ मध्ये तो प्रयोगशाळेतच गेला. विहीर एकाने खणली आणि नाव दुसऱ्याने दिलं!

मराठीत याला ‘सहसंयुज बंध’ म्हणतात. ऐकायला जड वाटतो, पण शब्द चोख आहे : व्हॅलन्स म्हणजे संयुजा, को म्हणजे सह. आणि इलेक्ट्रॉन सामाईक करण्याला बालभारतीच्या पुस्तकात ‘संदान’ म्हटलंय. मी शब्दकोशात पाहिलं तर संस्कृतात संदान म्हणजे बांधायची दोरी, गुरांचं दावं. ज्याने हा शब्द निवडला त्याला माझा नमस्कार.

आता चिरंजीवांचं उत्तर. सामाईक करायला ठरलेला भाव नसतो. कार्बन एका ऑक्सिजनबरोबरही संसार करतो आणि दोघांबरोबरही. नायट्रोजन तर विचारूच नका. म्हणून या रेणूंच्या नावात मोजणी लागते, मोत्याच्या लागत नाही. आणि आणखी एक फरक. रेणूच्या आत ही पकड घट्ट असते, पण एका रेणूला शेजारच्या रेणूचं फारसं काही पडलेलं नसतं. म्हणून मिथेन वायू आहे, उणे १६२ अंशाला तो द्रव होतो आणि सुमारे सहाशे पट कमी जागेत मावतो. द्रव होताना आतला एकही बंध तुटत नाही. मोत्याला असं उकळता यायचं नाही. रास लफानचा सगळा पसारा या एका गोष्टीवर उभा राहिला.

जाता जाता : नॉर्थ फील्ड हे स्वतःच सामाईक आहे. साधारण ९,७०० चौरस किलोमीटरपैकी ६,००० कतारच्या हद्दीत, उरलेलं इराणच्या. तिकडे त्याचं नाव साउथ पार्स. एक विहीर, दोन नावं, आणि भाऊबंदकीही आलीच.

आता अण्णांच्या कर्बद्विप्राणिदाकडे वळतो, कारण माझा जीव खरा तिथे अडकलाय.

तो शब्द अण्णांनी स्वतः बनवलेला नव्हता. १९५०च्या दशकात त्यांना शिकवणारे एक म्हातारे मास्तर ही नावं वापरत. आणि मास्तरांच्या मागे शंभर वर्षांची मेहनत होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रावर, पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तकं लिहिली. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं. शास्त्रीय विषयांची पुस्तकं आणि शब्द देशी भाषांत आणायची त्यांची खटपट होती. (हेच ते गज्जर, ज्यांनी चाफेकर बंधूंनी डांबर फासलेला मुंबईतला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा साफ करून दाखवला. संगमरवराला धक्का न लावता. संगमरवर म्हणजे पुन्हा आपलं खटकर्बितच!) आणि १९२०च्या दशकात डॉ. केतकरांचा ज्ञानकोश आला.

या जुन्या मंडळींनी जी पद्धत बसवली ती बघण्यासारखी आहे. ऑक्सिजन म्हणजे प्राण, हायड्रोजन म्हणजे उज्ज, नायट्रोजन नत्र, कार्बन कर्ब, क्लोरिन हर, सोडियम सिंधु. आणि शेवटचे प्रत्यय? इंग्रजीत ‘आइड’ असेल तिथे ‘इद’, ‘एट’ असेल तिथे ‘इत’. ऑक्साइड म्हणजे प्राणिद, क्लोराइड म्हणजे हरिद, कार्बोनेट कर्बित, नायट्रेट नत्रित. आपलं मीठ म्हणजे सिंधुहरिद. म्हणजे त्यांनी नुसते शब्दाला शब्द दिले नव्हते, लव्हाझिएचं सगळं यंत्रच मराठीत बसवलं होतं आणि ते चालत होतं. अण्णांनी ते त्या सकाळी चालवून दाखवलं. नातवाने डायनायट्रोजन पेंटॉक्साइड म्हटलं की आजोबा म्हणणार : द्विनत्रपंचप्राणिद. टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड? चतुःस्फुरदशप्राणिद! पोरगा हसून हसून लोळायला लागला, पण एकही आकडा चुकला नाही. आणि पेंटा अधिक ऑक्साइड यांचं पेंटॉक्साइड का होतं, मधला ‘आ’ कुठे जातो, हे विचारल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, “संधी.”

मग ही भाषा गेली कुठे? एक कारण असं की प्रत्येकाने आपापलं यंत्र बसवलं. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन नागपूरला आले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने त्यांच्याकडे परिभाषेचं काम दिलं. विद्वान जबरदस्त, पण त्यांनी संस्कृतवरून सगळं पुन्हा नव्याने घडवलं. ऑक्सिजन ‘जारक’, कार्बन ‘प्रांगार’, नायट्रोजन ‘भूयाति’. म्हणजे पुण्याचं कर्बद्विप्राणिद नागपुरात ‘प्रांगार द्विजारेय’ झालं! एकाच वायूला आपल्याच राज्यात दोन संस्कृत नावं, आणि शेजारच्याला दोन्ही कळत नाहीत.

१९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय आलं, १९६१ साली केंद्राचा वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग. आयोगाने स्पष्ट तत्त्व ठरवलं की मूलद्रव्यांची आणि संयुगांची नावं जगात चालतात तीच ठेवायची, फक्त आपल्या लिपीत लिहायची. बाकी संकल्पनांना मात्र भारतीय शब्द. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश सुरू झाला, पहिला खंड १९७६ मध्ये आला, आणि त्यातही ‘कार्बन डाय-ऑक्साइड’च आहे. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिताने हे मान्य केलं, हे मला फार मोठं वाटतं.

मोठं वाटतं त्याला कारण आहे. मी गावातल्या मराठी शाळेतून अकरावी सायन्सला शहरातल्या एका कॉलेजात गेलो. पहिला महिनाभर वर्गात मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. दहावीला रसायनशास्त्रात गावात पहिला आलेला मी, मागच्या बाकावर मान खाली घालून बसायचो. ‘सॅच्युरेटेड’ म्हणजे माझं ‘संपृक्त’, ‘कॅटॅलिस्ट’ म्हणजे माझा ‘उत्प्रेरक’, हे कुणी सांगेना. एका सरांनी तर भर वर्गात विचारलं, “कुठल्या खेड्यातून आलास?” त्या महिन्यात मला धरायला एकच काठी होती : फळ्यावरची नावं. कार्बन डायऑक्साइड, सल्फर ट्रायऑक्साइड, अमोनिया. ती मला येत होती, कारण ती माझ्या मराठी पुस्तकातही तीच होती. वाक्यं परकी होती, नावं ओळखीची होती. त्या नावांना धरून मी हळूहळू वाक्यांपर्यंत पोहोचलो. पुस्तकात कर्बद्विप्राणिद असतं, तर मी बहुधा तेव्हाच परत फिरलो असतो आणि आज हा लेख दोह्यातून लिहीत नसतो.

हे मी अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तू तेव्हा पत्रात लिहायचास, सगळं ठीक आहे म्हणून.”

असो. नावातला आकडा नुसता परीक्षेपुरता नसतो, हे मात्र मुलांना सांगून ठेवा. काही वर्षांपूर्वी आम्ही चार कुटुंबं थंडीत सीलाइनच्या बाजूला वाळवंटात तंबू ठोकून राहिलो होतो. रात्री गारठा वाढला म्हणून कुणीतरी कणसं भाजलेल्या निखाऱ्यांची शेगडी तंबूत आणून ठेवली आणि चेन खाली ओढली. अर्ध्या तासात दोन मुलांचं डोकं दुखायला लागलं, एकीला मळमळायला लागलं. आमच्यातल्या एकाच्या लक्षात आलं, त्याने शेगडी लाथेने बाहेर उडवली आणि सगळ्यांना उघड्यावर काढलं. कोळसा पुरेशा हवेत जळला की कार्बनला दोन ऑक्सिजन मिळतात, कोंडलेल्या जागेत बऱ्याच कार्बनला एकच. डाय आणि मोनो. हा एकवाला रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला ना रंग, ना वास. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात, ती यानेच. तंबूत शेगडी नको. लेख विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

जुन्या मराठी नावांपैकी काही मात्र कुणी न सांगता टिकली. प्राणवायू टिकला, कोविडच्या दिवसांत मराठी वर्तमानपत्रांत रोज तोच शब्द होता. खरं तर लव्हाझिएच्या ‘ऑक्सिजन’चा अर्थ ‘आम्ल करणारा’, आणि तो समज पुढे चुकीचा ठरला. आपला ‘प्राण’ चुकला नाही! आणि टिकले ते शेतात. नत्र, स्फुरद, पालाश. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, दुकानदार आणि शेतकरी हेच तीन शब्द बोलतात. मोडकांच्या काळापासून चाललेल्या खटपटीचा हा वारसा पुस्तकांतून उठून उसाच्या सरीत जाऊन बसलाय.

त्यातल्या नत्राची गोष्ट तर थेट कतारपर्यंत येते. हवेत चार-पंचमांश नत्र आहे, पण पिकाला त्याचा उपयोग नाही, कारण त्याचे दोन अणू एकमेकांना तीन सामाईक जोड्यांनी बांधलेले असतात. निसर्गातल्या सगळ्यात चिवट सहसंयुज बंधांपैकी हा एक. तो तोडून अमोनिया करण्याची रीत हाबरने १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली आणि १९१३ मध्ये जर्मनीत तिचा कारखाना सुरू झाला. त्याला हायड्रोजन लागतो, तो मिथेनमधून काढता येतो. म्हणून आपल्याकडे मुंबई हायचा गॅस आला तसा अलिबागजवळ थळला खत कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या आधीच, १९७३ मध्ये, इथे मेसईदला काफ्कोचा सुरू झाला होता. अमोनियाची कार्बन डायऑक्साइडशी गाठ घातली की युरिया होतो, त्यात ४६ टक्के नत्र. कतारचा युरिया भारतात गेलाय, कतारचा गॅस २००४च्या जानेवारीअखेर पहिल्यांदा जहाजाने दहेजला उतरला, आणि दहेजहून पाइपलाइन उरणपर्यंत आली. गावाकडच्या फडातलं एखादं पोतं मेसईदचं असेलही.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मग भाव का वाढतो?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फेब्रुवारीत अण्णा परत गेले. परवा व्हिडिओ कॉल झाला. मागे ऊस दिसत होता, खताचं पोतं फोडलेलं. चिरंजीवांनी फोन माझ्या हातातून ओढला.

“आजोबा, युरियाचं जुनं नाव काय हो?”

अण्णांनी डोकं खाजवलं. “युरियाच की रे. सगळ्यांची नावं कुठली सापडायला? आमचे मास्तरसुद्धा युरियाच म्हणायचे. बरं, तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं?”

“वीसपैकी एकोणीस. एक चुकलं.”

“कुठलं?”

“पाणी. मी डायहायड्रोजन मोनॉक्साइड लिहिलं.”

“बरोबर आहे की मग!”

“मॅडम म्हणाल्या, पाण्याला पाणीच म्हणायचं.”